हे-ऑन-वाय : जुन्या पुस्तकांच्या धंद्यावर तगलेले वेल्श गाव

समासटीप · शनिवार, रात्री ९:४०

वेल्स आणि इंग्लंड यांच्या सीमेवर, वाय नदीच्या काठी, हे-ऑन-वाय नावाचे एक बाजाराचे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आत, मध्यभागी नॉर्मन काळातला किल्ला, गुरुवारचा आठवडी बाजार आणि पायी वीस मिनिटांत संपणाऱ्या गल्ल्या. एवढ्या भांडवलावर एखाद्या गावाचे नाव जगभर व्हायचे काही कारण नव्हते; ते झाले जुन्या पुस्तकांमुळे. गेली तीन वर्षे मी ब्रिस्टलला राहत असल्याने तिथे चार वेळा जाणे झाले आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न घेऊन परतले, की या गावाला साहित्यिक गाव म्हणायचे ते नेमके कशाच्या जोरावर? लार्न या वेल्श गावाला कवी डिलन टॉमस आहे, स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअर आहे. इथल्या वेशीवर तसे एका लेखकाचे नाव लावता येत नाही.

एक खुलासा आधीच करते. गावाच्या नावाचा पहिला शब्द आपल्या सर्वनामासारखा असल्यामुळे ‘हे हे आहे’ अशी वाक्ये होऊ लागतात, म्हणून पुढे मी ‘हे-गाव’ असे जोडून लिहिते.

जुन्या लिखाणातला या गावाचा मला सर्वांत आवडलेला उल्लेख ११८८ सालच्या प्रवासाचा आहे. कँटरबरीचा आर्चबिशप बाल्डविन तिसऱ्या धर्मयुद्धासाठी माणसे गोळा करत वेल्सभर फिरला. त्याच्यासोबत जेराल्ड ऑफ वेल्स हा विद्वान धर्माधिकारी होता आणि त्याने त्या फेरीचे वर्णन लॅटिनमध्ये लिहून ठेवले. हे-गावी प्रवचन झाले, आणि युद्धाला जायची शपथ घ्यायला निघालेल्या पुरुषांना त्यांच्या बायका आणि सोयरे अंगरख्यांना धरून मागे ओढू लागले, तेव्हा अंगरखे त्यांच्या हातात तसेच सोडून ते पुरुष किल्ल्याकडे धावत सुटले, असे जेराल्ड लिहितो. रिकामे अंगरखे धरून उभ्या राहिलेल्या त्या बायकांपाशी मात्र तो थांबत नाही. त्याला पुढच्या गावी जायचे होते.

दुसरा उल्लेख सातशे वर्षांनंतरचा आहे आणि तो काळजाला लागणारा आहे. नदीपलीकडे दीडेक मैलावर क्लायरो नावाचे खेडे आहे. तिथे १८६५ ते १८७२ या काळात फ्रान्सिस किल्व्हर्ट हा तरुण दुय्यम पाद्री म्हणून होता. १८७० च्या जानेवारीपासून त्याने रोजनिशी लिहायला घेतली. हे-गावी त्याचे सततचे जाणे-येणे असे, कारण तिथले मुख्य पाद्री बेव्हन यांचे कुटुंब किल्ल्यातल्या वाड्यातच राहत होते. किल्व्हर्टच्या नोंदींत मोठ्या घटना थोड्या आहेत. १८७० च्या नाताळच्या सकाळी तो अंघोळीच्या टबात बसायला गेला, तर पाण्यावर बर्फाचा जाड थर जमलेला. तो मोडला आणि त्याच्या धारदार कडा टबाच्या चहूबाजूंनी उभ्या राहिल्या. एवढी साधी गोष्ट तो अशी लिहितो, की वाचताना आपण खुर्चीत अंग चोरून घेतो. म्हाताऱ्या सैनिकाच्या बागेत बटाटे खणणे, डोंगरावरच्या एकाकी घरांत आजाऱ्यांना भेटायला जाणे, हे सगळे त्यात आहे. १८७९ मध्ये, लग्नाला पुरते दोन महिनेही झाले नसताना, वयाच्या ३८ व्या वर्षी तो पोटाच्या विकाराने वारला.

मागे राहिलेल्या २२ वह्यांतून निवडलेला मजकूर १९३८ ते १९४० या काळात तीन खंडांत छापला गेला आणि इंग्रजीतल्या उत्तम रोजनिशांत गणला जाऊ लागला. त्यानंतर, १९५० च्या दशकात, त्याच्या वृद्ध भाचीने आपल्याकडच्या मूळ वह्या नष्ट करून टाकल्या. आज तीन वह्या शिल्लक आहेत. खासगी गोष्टी परक्यांच्या हाती पडू नयेत, असे त्या बाईंना वाटले असावे. आपल्याकडेही आजोबांच्या ट्रंकेतले कागद असेच बंबात गेलेले आहेत, त्यामुळे त्यांना फार दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही. पण संपादकाने जे गाळले होते ते आता कुणालाच वाचता येणार नाही.

आणि ज्या परिसरातली अशी अस्सल वही टिकली नाही, त्याच परिसराने पुढे जगाची टाकून दिलेली पुस्तके गोळा करायला घेतली. रिचर्ड बूथ हा याच पंचक्रोशीत वाढलेला, ऑक्सफर्डला शिकलेला तरुण. १९६२ च्या सुमारास त्याने गावातल्या जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले. हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण त्याच वर्षाच्या अखेरीस हेरेफर्डहून हे-गावमार्गे ब्रेकनला जाणारी आगगाडी बंद झाली. शेतीत यंत्रे आली होती, तरुण बाहेर पडत होते आणि गावातले गाळे रिकामे होत चालले होते. बूथचे गणित सरळ होते: जागा स्वस्त, मजूर गावातलेच, आणि माल म्हणाल तर ब्रिटनभर जमीनदारांच्या हवेल्या मोडीत निघत होत्या आणि त्यांची खासगी ग्रंथालये कुणालाच नको झाली होती. गावातले धट्टेकट्टे गडी घेऊन तो जाई आणि सबंध ग्रंथालय उचलून आणी. पुढे अमेरिकेतल्या बंद पडलेल्या ग्रंथालयांची पुस्तके कंटेनर भरभरून येऊ लागली. गावातले सिनेमागृह पुस्तकांचे दुकान झाले, शेतीमालाच्या व्यापाऱ्याची इमारतही झाली. तिच्या दर्शनी भिंतीवरच्या फरशांवर अजून मेंढ्या आणि गाई आहेत, आणि आत तीन मजले पुस्तके. त्याच्या हाताखाली तयार झालेल्यांनी आपापली दुकाने काढली, आणि भरभराटीच्या काळात एवढ्याशा गावात तीसहून अधिक पुस्तकांची दुकाने होती.

१ एप्रिल १९७७ रोजी बूथने हे-गाव स्वतंत्र राज्य झाल्याची घोषणा केली. सिंहहृदयी रिचर्ड या इंग्रज राजाच्या चालीवर तो ‘ग्रंथहृदयी’ राजा रिचर्ड झाला, संडासाच्या टाकीतल्या तरंगत्या गोळ्याचा राजदंड केला, घोड्याला पंतप्रधान नेमले आणि सरदारक्या विकायला काढल्या. लोक याला विनोद समजले, आणि तो होताच; पण त्यामागे सरकारी विकास मंडळांवरचा खरा राग होता. गाव कसे जगवायचे हे बाहेरच्या कार्यालयात बसून ठरू नये, एवढे त्याचे म्हणणे होते.

माझे मत मांडते आणि थांबते. या गावाचे साहित्यजीवन लिहिणाऱ्यांपेक्षा विकणाऱ्यांचे आहे. लेखकाच्या, प्रकाशकाच्या आणि पहिल्या वाचकाच्या हातून सुटल्यावर पुस्तकाचे जे आयुष्य उरते, ते इथे चालते, आणि ते धंदा म्हणून चालते म्हणूनच टिकले आहे. आपल्याकडे महाबळेश्वरजवळ भिलार हे पुस्तकांचे गाव उभे करताना याच गावाचा दाखला दिला गेला. मग त्यातला धंदा तेवढा आपण का वगळला, याविषयी जाणकारांनी लिहावे.

रद्दीप्रेमी · शनिवार, रात्री ११:०५

ताई, लेख आवडला. मी पुण्यात चाळीस वर्षे जुनी पुस्तके धुंडाळत आलो आहे, त्यामुळे दोन व्यवहारी शंका विचारतो. पहिली अशी, की सबंध ग्रंथालय उचलून आणले म्हणजे त्यात ऐंशी टक्के माल अडगळीचा असणार. आमच्याकडे रद्दीवाला वजनावर घेतो, त्यातून जाणता विक्रेता चार पुस्तके वेगळी काढतो आणि बाकीचे लगद्याला जाते. तिकडे त्या ऐंशी टक्क्यांचे काय होते? दुसरी शंका किमतीची. जुन्या पुस्तकाची किंमत हा विक्रेत्याच्या ज्ञानाचा आणि गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचा प्रश्न असतो. आता जो तो मोबाइलवर भाव पाहून येतो म्हटल्यावर ही दुकाने कशी टिकली?

बूथविषयी एक जोडतो. तो पुस्तकांचा भक्त होता असे लोक लिहितात, पण मला तो आधी घाऊक व्यापारी वाटतो. एकेका पुस्तकावर जीव लावणारा माणूस कंटेनर मागवत नाही. त्याचे दिवाळेही निघाले होते, ते बहुधा याच घाऊकपणामुळे.

समासटीप · रविवार, सकाळी ८:२०

रद्दीप्रेमी काका, अडगळीची सोय त्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी केली आहे. तटाच्या भिंतीला लागून उघड्यावर फळ्यांची रांग आहे, वर जेमतेम पत्र्याची पागोळी. तिथे दुकानदार नाही. भिंतीत एक पेटी आहे. पुस्तक घ्यायचे आणि पाटीवर लिहिलेली किरकोळ रक्कम पेटीत टाकायची. दुकानाचे नावच ‘प्रामाणिकपणाचे दुकान’ अशा अर्थाचे आहे. गेल्या नोव्हेंबरात मी तिथे उभी होते तेव्हा तिरपा पाऊस लागला होता, सगळ्यांत खालच्या फळीवरच्या पुस्तकांच्या कडा फुगून पंख्यासारख्या उघडल्या होत्या आणि एक गृहस्थ छत्री मानेत धरून दोन्ही हातांनी पुस्तके चाळत होते. विकले गेले तर पैसे, भिजले तर भिजले, असा तो मामला आहे. किल्ला २०११ मध्ये एका विश्वस्त संस्थेने विकत घेतला, दुरुस्त केला आणि २०२२ मध्ये लोकांसाठी उघडला. आता त्या पेटीतले पैसे किल्ल्याच्या कामी येतात.

किमतीबाबत तुमचे म्हणणे खरे आहे. इंटरनेटवर भाव सर्वांना दिसू लागल्यावर सामान्य जुन्या पुस्तकाची किंमत कोसळली आणि सर्वसाधारण माल ठेवणारी दुकाने आधी गेली. आता दुकाने वीसच्या आसपास उरली असावीत, आणि त्यांतली बरीच एकेका विषयाची आहेत. कुणी फक्त कविता ठेवतो, कुणी फक्त बालपुस्तके, आणि एक दुकान निव्वळ खुनाच्या कथांचे आहे. (या गावच्या एका वकिलाला बायकोवर आर्सेनिकचा विषप्रयोग केल्याबद्दल १९२२ मध्ये फाशी झाली होती, त्यामुळे त्या दुकानाला स्थानिक आधारही आहे.) अशा ठिकाणी गिऱ्हाईक भाव पाहून येत नाही, कारण आपल्याला काय हवे आहे हे त्याला तिथे पोहोचेपर्यंत ठाऊक नसते.

माझेच सांगते. एका दुकानाच्या जिन्याखाली ‘भारत’ अशी चिठ्ठी लावलेल्या फळीवर मला बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा एक सुटा खंड दिसला. सातारा, १८८५. आत कुठल्याशा बंद पडलेल्या संस्थेच्या ग्रंथालयाचा शिक्का आणि पहिल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली किंमत, ६० पौंड. मी तो तीनदा हातात घेतला आणि तीनदा परत ठेवला.

कार्डिफकर · रविवार, दुपारी १:१५

मी कार्डिफला सोळा वर्षे आहे आणि मुलांच्या शाळेमुळे वेल्श भाषा तोडकीमोडकी शिकलो आहे. मूळ लेखात एक मोठी गोष्ट राहून गेली आहे, ती भाषेची. शीर्षकात ‘वेल्श गाव’ म्हटले आहे, पण तिथल्या दुकानांत वेल्श पुस्तकाचे कपाट शोधावे लागते.

गावाचे वेल्श नाव ‘अ गेल्ली’, म्हणजे राई, झाडी. यातला जोड-ल आपला नाही. जीभ ‘ल’च्या जागी टेकवून दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची असते. कृपया ‘गेली’ म्हणू नका, नाहीतर भाषा गेली असा त्याचा अर्थ कुणी मराठी माणूस लावेल, आणि दुर्दैवाने तो अगदीच चुकीचा ठरणार नाही. मध्ययुगात या जहागिरीचे ‘इंग्लिश हे’ आणि ‘वेल्श हे’ असे दोन भाग मानले जात. तटबंदीतले गाव इंग्रजांचे आणि भोवतालची डोंगराळ शेती वेल्श लोकांची, अशी ही विभागणी होती. १५३६ च्या कायद्याने वेल्समधल्या कचेऱ्यांची भाषा इंग्रजी केली, आणि सीमेवरच्या बाजारगावांत वेल्श सर्वांत आधी मागे हटली.

वेल्श भाषेचे साहित्यजीवन पाहायचे असेल तर आइस्टेड्व्हॉड हा काव्य-संगीत स्पर्धांचा उत्सव पाहावा. ११७६ मध्ये रीस या वेल्श राजाने कार्डिगनच्या किल्ल्यात कवींच्या आणि गायक-वादकांच्या स्पर्धा भरवल्या आणि विजेत्यांना खुर्च्या दिल्या. ही आजच्या उत्सवाची पूर्वपीठिका मानली जाते. आजचा राष्ट्रीय आइस्टेड्व्हॉड दर ऑगस्टमध्ये वेगळ्या गावी भरतो आणि त्याचा सगळा कारभार वेल्शमधून चालतो. आपल्या साहित्य संमेलनासारखाच तो गावोगाव हिंडतो, पण आपल्याकडे मान अध्यक्षाचा असतो. तिथे तो टोपणनावाने कविता पाठवून स्पर्धा जिंकणाऱ्या कवीचा असतो. निकाल जाहीर होईपर्यंत कवी श्रोत्यांत गुपचूप बसलेला असतो, नाव पुकारल्यावर उभा राहतो आणि सगळा मंडप मान वळवून त्याला शोधतो. अनुप्रास आणि अंतर्गत यमकांचे कडक नियम पाळून रचलेली दीर्घ कविता जिंकली, तर त्याला खरीखुरी, सुताराने घडवलेली खुर्ची मिळते. ती घरी न्यायची कशी, हा नंतरचा प्रश्न.

तरी ‘इथे लेखक नाही’ हे समासटीप यांचे विधान मला थोडे दुरुस्त करायचे आहे. गावात नसतील, पण गावामागच्या ब्लॅक माउंटन्स डोंगरांत आहेत. हे-गावाहून दक्षिणेला गॉस्पेल पास नावाची खिंड ओलांडली की कापेल-अ-फिन ही वाडी लागते. तिथल्या जुन्या मठात १९२४ पासून काही वर्षे शिल्पकार एरिक गिल राहत होता आणि चित्रकार-कवी डेव्हिड जोन्स त्याच्याकडे येऊन राहिला होता. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून परतलेल्या जोन्सने त्या डोंगरांची चित्रे काढली. पुढे १९३७ मध्ये त्याचे युद्धावरचे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पँडी गावी रेल्वेच्या सिग्नलमनच्या घरी १९२१ मध्ये रेमंड विल्यम्स जन्मला, आणि त्याची पहिली कादंबरी सीमेवरच्या याच मुलखावर आहे. ब्रूस चॅटविनची १९८२ ची कादंबरीही याच डोंगरातल्या जुळ्या शेतकरी भावांची आहे. यांतले कुणीही वेल्शमध्ये लिहिले नाही. सीमेवरचा माणूस कोणत्या भाषेत लिहितो, हा प्रश्न बेळगावकडच्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको.

पावसाळी_बूट · रविवार, सायंकाळी ६:३०

महोत्सवाविषयी अजून कुणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी दोन वर्षे हे-गावच्या साहित्य महोत्सवात स्वयंसेवक होते, म्हणजे तंबूच्या दाराशी उभे राहून तिकिटे पाहणे आणि लेखकाच्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवणे.

हा महोत्सव १९८८ मध्ये सुरू झाला. नॉर्मन फ्लोरेन्स, ऱ्होडा लुईस आणि त्यांचा मुलगा पीटर यांनी तो उभा केला. पहिले भांडवल पत्त्यांच्या जुगारात जिंकलेल्या पैशांचे होते, अशी आख्यायिका आहे आणि गावातले लोक ती मोठ्या प्रेमाने सांगतात. नाटककार आर्थर मिलरला निमंत्रण गेले तेव्हा, हे-ऑन-वाय म्हणजे एखाद्या सँडविचचे नाव आहे का, असे त्याने विचारले म्हणे. २००१ मध्ये बिल क्लिंटन येऊन गेले आणि त्यांनी अमेरिकेतल्या गाजलेल्या संगीत महोत्सवाच्या नावावरून या महोत्सवाला ‘मनाचा वुडस्टॉक’ म्हटले. ते वाक्य आजही प्रत्येक बातमीत असते. सुरुवातीला कार्यक्रम गावातल्या सभागृहांत, शाळेत आणि तंबूंत होत. २००५ पासून गावाबाहेर ब्रेकन रस्त्यालगतच्या शेतात तंबूंचे एक वेगळे गावच उभे राहते. मेअखेरीपासून दहा-अकरा दिवस, आणि काही वर्षी तर तिकिटांची संख्या दोन लाखांच्याही पुढे गेलेली. याच महोत्सवाची एक शाखा २०१० मध्ये तिरुवनंतपुरमलाही भरली होती.

आता दुसरी बाजू. महोत्सव नव्या पुस्तकांचा आहे. लेखक बोलतो, तंबूबाहेर रांग लागते, नवे कोरे पुस्तक विकले जाते आणि त्यावर सही होते. शेतातच खाणे-पिणे, शेतातच दुकान. गावातला जुन्या पुस्तकांचा विक्रेता या सगळ्यात कुठे बसतो? संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम संपतो तेव्हा दुकाने बंद झालेली असतात. बूथलाही हा महोत्सव फारसा रुचला नव्हता, आणि त्यामागे नुसता राजाचा मत्सर नसावा. शिवाय तंबू, वीज, मानधन यांचा खर्च तिकिटांवर भागत नाही, म्हणून प्रायोजक लागतात. २०२४ मध्ये एका गुंतवणूक कंपनीच्या खनिज तेल आणि इस्रायल यांच्याशी असलेल्या संबंधांवरून वक्त्यांनी आणि कलावंतांनी आक्षेप घेतले आणि ते प्रायोजकत्व स्थगित करावे लागले. जुन्या पुस्तकाला प्रायोजक लागत नाही, एवढा त्याचा फायदा आहे.

तरीही एक गोष्ट नाकारता येणार नाही. पावसात भिजत, गुडघाभर बूट घालून, एका अनुवादकाचे व्याख्यान ऐकायला तीनशे माणसे सकाळी दहाला चिखलात रांग लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

टेबललँड · सोमवार, सकाळी ७:०५

मी पाचगणीचा. भिलारविषयी प्रश्न आला आहे म्हणून उत्तर देणे भाग आहे.

४ मे २०१७ रोजी भिलार ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून जाहीर झाले. राज्य मराठी विकास संस्थेने पुढाकार घेतला, चित्रकारांनी घरांच्या भिंती रंगवल्या, २५ ठिकाणी सुमारे १५,००० पुस्तके ठेवली. एका घरात संतसाहित्य, दुसऱ्यात कादंबरी, तिसऱ्यात बालसाहित्य. कपाटे आणि टेबल-खुर्च्या सरकारने दिल्या, जागा घरमालकाची. कुणीही यावे, ओसरीवर बसून वाचावे, पैसे नाहीत. म्हणजे नाव हे-गावावरून घेतले, पण काढले वाचनालय. समासटीप यांचे निरीक्षण बरोबर आहे.

मात्र ‘धंदा वगळला’ हा शेरा मला पूर्ण मान्य नाही. बूथला रिकामे गाळे आणि मोडलेल्या हवेल्यांची ग्रंथालये मिळाली. इंग्रजी पुस्तकाला जगभर गिऱ्हाईक होते. मराठीत जुन्या पुस्तकांचा साठा एवढा कुठून येणार? आपल्याकडे वाड्यांतली पुस्तके वाळवीने आणि वाटण्यांनी आधीच संपवली. भिलारला गाळे रिकामे नव्हते, पोटापाण्याला स्ट्रॉबेरी होती आणि महाबळेश्वरचा पर्यटक दारावरून जातच होता. त्याने थांबावे, मुक्काम करावा, घरचे जेवावे, चार पेट्या स्ट्रॉबेरी न्यावी, एवढे झाले तर गावाला पुस्तकांतून मिळकत झालीच की. आज हे-गावातली खाणावळ आणि लॉजही त्याच हिशेबावर चालत असणार.

माझी तक्रार निराळी आहे. विकण्याच्या दुकानात माल फिरतो, कारण तो फिरला नाही तर दुकान बुडते. फुकट वाचण्याच्या कपाटात तेच पुस्तक सात वर्षे त्याच जागी राहते. मी माझ्या पाहुण्यांना घेऊन अनेकदा गेलो आहे. लोक रंगवलेल्या भिंतीसमोर फोटो काढतात, एखादे पुस्तक उघडतात, मिटतात आणि क्रीम घातलेली स्ट्रॉबेरी कुठे मिळते ते विचारतात. मात्र पावसाळ्यात, पर्यटक नसताना, एका घरी पोराला पुस्तक पोटावर ठेवून झोपी गेलेले पाहिले. घरातलेच पोर होते. आपल्या घरी चरित्रांचे कपाट आहे म्हणून ते चरित्रे वाचत होते. शेजारच्या घरी नाटके असती तर नाटककार झाले असते.

आणि समासटीप ताई, साताऱ्याचा तो खंड सोडायला नको होता.

रद्दीप्रेमी · सोमवार, सकाळी ९:५०

टेबललँड यांच्या ‘माल फिरला पाहिजे’ या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. माझ्या ओळखीच्या एका जुन्या विक्रेत्याचा नियम होता की तीन महिने न खपलेले पुस्तक दुसऱ्या फळीवर हलवायचे; गिऱ्हाइकाला ते नवे वाटते. त्या खंडाचेही बहुधा तसेच झाले असेल. ताई, ६० पौंड मागितले असले तरी सुट्या खंडाला गिऱ्हाईक कमी असते. संच फोडून आलेला माल आहे, घासाघीस करून पाहा.

समासटीप · पुढचा रविवार, रात्री १०:१०

सर्वांचे आभार, विशेषतः भाषेच्या मुद्द्याबद्दल. ‘वेल्श गाव’ हे शीर्षक मी बदलत नाही, पण ते लिहिताना मी फक्त नकाशा पाहिला होता हे कबूल करते. जाता जाता कार्डिफकर यांच्यासाठी एक: किल्व्हर्टच्या उरलेल्या तीन वह्यांपैकी दोन अॅबरिस्टविथच्या वेल्श राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि एक डरम विद्यापीठात. अॅबरिस्टविथला सोबत जाण्याची तयारी असेल तर कळवा.

काल पुन्हा हे-गावी गेले होते. ब्रिस्टलहून गाडीने हेरेफर्ड, तिथून बस, तासाभराचा रस्ता. आगगाडी चालू असती तर दुपार वाचली असती. गावाच्या पाटीखाली जुळ्या गावांची नावे आहेत, त्यांत बेल्जियममधले रेदू हे दुसरे पुस्तकांचे गाव आणि मालीतले, हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध असलेले टिंबक्टू.

खंड जिन्याखाली नव्हता. मी परत फिरणार तोच तो खिडकीजवळच्या ‘प्रवास’ फळीवर दिसला. काकांच्या ओळखीच्या विक्रेत्याचा नियम इथेही पाळतात. कोपऱ्यातले ६० खोडून ४५ केले होते. मी घासाघीस केली, म्हणजे तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, आणि दुकानातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहत ४० सांगितले. टेबललँड, तुमच्या मुलखाविषयी काय लिहिले आहे ते लगेच सांगता येणार नाही. घरी येऊन उघडला तर मधली बरीचशी पाने कडेला अजून जोडलेलीच निघाली. छापखान्यातून आल्यापासून ती कुणी कापलेली नाहीत. स्वयंपाकघरातली सुरी बोथट आहे. उद्या ऑफिसातून कागद कापायची पट्टी आणते आणि मग बघते.